‘शालिहोत्र’ आणि ‘पसुचिकीछा’ : दोन शब्दांची साक्ष

पशुवैद्यकाच्या इतिहासात ‘शालिहोत्र हा जगातील आद्य पशुवैद्य’ आणि ‘अशोकाने पशूंची पहिली रुग्णालये उघडली’ ही दोन विधाने वारंवार केली जातात. दोहोंचा मुख्य आधार एकेक शब्द आहे. तेव्हा त्या शब्दांची तपासणी प्रथम व्हावयास हवी.

‘शालिहोत्र’ हे अश्वशास्त्र सांगणाऱ्या मुनीचे नाव आहे. तेच त्या शास्त्राचेही नाव आहे. आणि कोशांत त्याचा ‘घोडा’ असाही अर्थ दिलेला आढळतो. मुनीवरून शास्त्राला नाव मिळाले, की शास्त्राच्या नावामागे मुनी कल्पिला गेला, हे केवळ नामावरून ठरविता येत नाही. ‘हस्त्यायुर्वेदा’चा वक्ता पालकाप्य याची स्थितीही निराळी नाही. अंगदेशाचा राजा रोमपाद याच्याशी झालेला त्याचा संवाद ही त्या ग्रंथाची चौकट पौराणिक आहे. अशा नामांना निश्चित जन्मकाल चिकटविणे इतिहासाला मानवणारे नाही. शिवाय हम्मुराबीच्या संहितेत, इ. स. पू. १८ व्या शतकात, बैलाच्या वा गाढवाच्या वैद्याचे वेतन आणि जनावर दगावल्यास त्याने द्यावयाची भरपाई ठरवून दिलेली आहे. ‘आद्य’ हे विशेषण वापरताना तिचा विसर पडता कामा नये.

परंतु जे शब्द ‘पहिला कोण?’ या प्रश्नावर मौन धरतात, तेच ‘रोगी कोण?’ या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देतात. बाबिलोनात तो बैल वा गाढव होता. ग्रीक ‘हिप्पिआत्रोस’ हा घोड्यांचा वैद्य, तर उत्तरकालीन लॅटिनमधील ‘मुलोमेदिकुस’ हा खेचरांचा. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वांचे आणि हत्तींचे चिकित्सक येतात. हिंदी-उर्दूतील ‘सालोत्री’ हा ‘शालिहोत्रा’चाच वंशज असून त्याचा मूळ अर्थ घोड्याचा वैद्य हाच होय. नांगराला, ओझ्याला आणि सैन्याला जे जनावर हवे, त्याच्याच नावाने वैद्य ओळखला जाई.

या मालिकेत अशोकाच्या, इ. स. पू. ३ ऱ्या शतकातील, दुसऱ्या शिलालेखातील ‘पसुचिकीछा’ हा गिरनार येथील शब्द वेगळा उठून दिसतो. ‘चिकीछा’ म्हणजे चिकित्सा; ‘रुग्णालय’ हा अर्थ मागाहून घातलेला आहे. लेखात औषधी वनस्पती, मुळे व फळे आणवून लावल्याचा, विहिरी खणल्याचा आणि वृक्ष लावल्याचा निर्देश आहे, वास्तूचा नाही. तथापि रुग्णालय वजा केल्याने लेखाचे मोल उणावत नाही. मनुष्याची आणि पशूची चिकित्सा येथे एकाच घडणीच्या दोन समासांत शेजारी शेजारी ठेवली आहे. ‘पशु’ या शब्दाचा रोख प्राधान्याने पाळीव जनावरांकडे असला, तरी त्यात एकट्या घोड्याची वा हत्तीची निवड नाही. खरे नावीन्य आहे ते या सामान्यनामात.

पुढे १७६२ साली फ्रान्समध्ये लियाँ येथे क्लोद बूर्जला याने पशुवैद्यकाची शाळा उघडली. तो स्वतः अश्वविद्येचा जाणकार. पण शाळेच्या स्थापनेमागे गुरांच्या बुळकांडीची चिंता होती. रोगी पुन्हा बदलला होता. मराठीतही शासकीय संज्ञा ‘पशुवैद्यकीय’ अशी व्यापक आहे. गावोगावच्या बोलण्यात मात्र ‘गुरांचा दवाखाना’च आहे. पशुवैद्यकाच्या इतिहासकाराने अग्रमानाच्या वादात शिरण्यापूर्वी शब्दांची ही साक्ष ऐकून घेणे अगत्याचे आहे.