त्रिकोण, वर्तुळ आणि गावचा पेंटर

मानवत हे मराठवाड्यातलं कापसाचं गाव. प्रेसिंगमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसचा मार्क आणि अनुक्रमांक असलाच पाहिजे, असा दंडक १९२५च्या कायद्यानं घातला. त्यामुळे खूण वाचायची सवय इथे जुनी. अक्षरओळख नसलेला हमालही मार्क बरोबर ओळखतो. अशा नजरांसमोर विसाव्या शतकाच्या मध्याची आधुनिक आरेखनकला आली ती चित्रदालनातून नव्हे, दवाखान्याच्या आणि बँकेच्या भिंतींवरून. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण आणि स्टेट बँकेचं निळं वर्तुळ या दोन खुणा मराठवाड्यानं इतक्या वेळा पाहिल्या, की त्या निरखून बघायच्या राहूनच गेल्या.

आधी त्रिकोण. १९६०च्या दशकात केंद्राच्या कुटुंब नियोजन विभागातले दीप त्यागी यांनी तो देशभर पोहोचवला. समभुज, भरीव, टोक खाली. हेच टोक वर असतं तर आपण त्यात डोंगर पाहिला असता, देवळाचं शिखर पाहिलं असतं आणि पुढे गेलो असतो. टोक खाली केल्याबरोबर आकार एका बिंदूवर तोलला जातो आणि नजर तिथे अडखळते. शिवाय त्याची वरची कड सपाट आडवी होते. देवनागरी मजकुराशेजारी तो त्रिकोण काढलेला पाहा: ती कड शिरोरेखेशी जुळते. आपली अक्षरं रेषेवर उभी नसतात, रेषेला लटकलेली असतात; हा त्रिकोणही तसाच लटकतो. लिपीच्या पंक्तीत इतक्या सहज बसलेलं चित्र क्वचित सापडतं.

रंगाची निवडही तितकीच मुरलेली. लाल म्हणजे कुंकू, लाल म्हणजे गेरू. वेशीवरच्या शेंदरी दगडापासून उंबऱ्यावरच्या बोटांपर्यंत आपल्याकडे मंगल खुणेचा रंग हाच. खाली टोक असलेला त्रिकोण तंत्रपरंपरेत शक्तीचा, स्त्रीतत्त्वाचा मानला जातो. सरकारी मोहिमेची खूण त्या जुन्या स्मृतीशी भांडत नाही, तिच्या सोबत चालते. आणि एवढा सगळा अर्थ एकाच रंगाच्या एकाच डब्यात मावतो, ही काटकसर दाद देण्याजोगी.

त्रिकोणासोबत चार चेहरे येत: आई, वडील, मुलगा, मुलगी. समोरून पाहिलेले, हसरे, मोजक्या रेषांचे. मूळ हिंदी मजकूर दोन किंवा तीन मुलं पुरेत, एवढंच सांगणारा. चित्र चेहऱ्यांपाशीच थांबतं. धोतर की पायजमा, नऊवारी की पाचवारी, हे प्रश्न त्यामुळे उठतच नाहीत. जातीचा, प्रांताचा, ऐपतीचा पत्ता लागत नाही. व्हिएन्नात ऑटो नॉयराट यांनी १९२०च्या दशकात चित्रांची जी सार्वत्रिक भाषा घडवायला घेतली, तिच्याच कुळातली ही रीत. काय काढायचं याहून काय गाळायचं हे कळलेला हात इथे दिसतो.

या खुणेवर पुढे डागही पडला. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर अनेकांना त्या लाल रंगाची भीती वाटू लागली. १९७७ साली कार्यक्रमाचं नावच कुटुंब कल्याण झालं. तरीही त्रिकोण टिकला. आकाराची ताकद त्याच्या गैरवापरालाही पुरून उरली.

आता वर्तुळ. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ची. तिच्या मुळाशी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याचा १९५८चा अहवाल आहे. भारतात पाहिलेल्या वस्तूंत त्यांनी सर्वाधिक वाखाणला तो आपला साधा लोटा. १९६५मध्ये स्विस आरेखक आर्मिन हॉफमन यांनी तिथे शिकवलं. काळ्याइतकंच पांढऱ्यालाही घडवायचं, ही त्यांच्या परंपरेची शिस्त. याच संस्थेत शेखर कामत यांनी १९७१मध्ये स्टेट बँकेचं चिन्ह रचलं. मराठवाड्याची घरची म्हणावी अशी बँक म्हणजे १९४१ची स्टेट बँक ऑफ हैदराबाद. २०१७मध्ये स्टेट बँकेत विलीन होण्याआधीच तिनंही हेच वर्तुळ आपलं केलं होतं.

त्याच्या पोटात पाहा. मध्यभागी छोटा पांढरा गोल, त्यातून थेट खाली परिघाबाहेर जाणारी अरुंद पांढरी चीर. कुणाला त्यात कुलपाचं भोक दिसतं, कुणाला उभा माणूस. गंमत अशी, की पांढरा भाग मुळात काढलेलाच नाही. निळा थांबला म्हणून तो उमटला. चीर मध्येच अडली असती तर चिन्ह बंद तिजोरी झालं असतं. ती कड फोडून बाहेर येते, म्हणून भिंतीची पांढराई आत शिरते आणि पैसा ठेवायच्या जागेला दार मिळतं. एका चिरेनं सुरक्षितता आणि मोकळीक दोन्ही सांगणं, ही या रचनेची सर्वांत देखणी करामत.

दोन्ही खुणांची खरी परीक्षा मात्र तालुक्याच्या गावी झाली. तिथे ना छापखान्याची सफाई, ना मोजमापाचे तक्ते. एक खिळा, हातभर सुतळी, ऑइलपेंटचा डबा आणि गावचा पेंटर. खिळ्याभोवती सुतळी फिरवली की वर्तुळ झालं. तीच सुतळी तीन वेळा सारख्या मापानं ताणली की समभुज त्रिकोण झाला. हात किंचित हलला, पोपडे निघाले, ऊन लागून लाल विटकरी झाला, तरी खूण ओळखू येतेच. नाजूक रेषांचं चिन्ह अशा भिंतीवर पहिल्याच पावसाळ्यात हरलं असतं. आधुनिक आरेखनाच्या साधेपणाला पुष्कळदा कोरडेपणा म्हटलं जातं. पण या दोन खुणांतला साधेपणा म्हणजे अनोळखी पेंटरच्या हातावर आणि न वाचणाऱ्या माणसाच्या नजरेवर टाकलेला विश्वास आहे, आणि त्या दोघांनीही तो सार्थ ठरवला.