टीव्हीएमके: कारखान्याच्या नावाचा क्लब

एस्टोनियाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या विजेत्यांची यादी एकदा सावकाश वाचावी. १९९२ ते २०२४ या काळात जेमतेम सात क्लबांनी ती जिंकली. त्यांतले नोर्मा, लांताना, टीव्हीएमके आणि इन्फोनेट हे चार आज मैदानात नाहीत. इन्फोनेट २०१७ च्या अखेरीस लेवादियात विलीन झाला, बाकीचे मिटले.

टीव्हीएमके हा राजधानी टालिनचा क्लब. नाव म्हणजे तिथल्या प्लायवूड आणि फर्निचर कारखान्याच्या एस्टोनियन नावाची आद्याक्षरं. लीगचं जेतेपद एकच, २००५ चं. २००८ च्या हंगामानंतर क्लब बंद. इतका इतिहास हाती आला की एक निष्कर्ष आपोआप सुचतो: कारखान्याचा क्लब, म्हणजे उसना क्लब, मालकाचा हात निघाला की संपला.

हा निष्कर्ष मला आळशी वाटतो. नेदरलँड्सच्या पीएसव्हीच्या नावातला ‘पी’ फिलिप्स कंपनीचा आहे. आर्सेनल तर लंडनच्या वूलिचमधल्या शस्त्रागारातल्या कामगारांनी उभा केला. त्यांना कुणी उसनं म्हणत नाही. सोव्हिएत काळात तर खेळ बऱ्याच अंशी कारखाना आणि कामगार संघटना यांच्याभोवतीच उभा होता. स्वतंत्र एस्टोनियाची पहिली दोन जेतेपदं जिंकणारा नोर्मासुद्धा कारखान्याच्याच नावाचा. फरक आत्म्याचा नाही. पीएसव्हीला शंभर वर्षं आणि मोठी बाजारपेठ मिळाली. साधारण तेरा लाख वस्तीच्या देशात टीव्हीएमकेला यातलं काहीच मिळालं नाही.

तोलमोलाचा हाच प्रश्न गोलांनाही लागू होतो. २००५ मध्ये टीव्हीएमकेच्या तार्मो नेमेलोनं ३६ फेऱ्यांच्या लीगमध्ये ४१ गोल मारले. युरोपियन गोल्डन शूच्या हिशेबात मोठ्या लीगमधल्या गोलाला दोन गुण, एस्टोनियातल्या गोलाला एक. २००५-०६ चा बूट लुका टोनीला ३१ गोलांवर मिळाला, कारण त्याचे गुण झाले ६२. नियम अन्यायाचा नाही. इटलीतला बचाव आणि टालिनमधला बचाव एक नव्हे, हे नेमेलोही नाकारणार नाही. (गुणक नसता तर अनेकदा बूट कुठल्यातरी छोट्या लीगकडे गेला असता.) पण पुरस्कारासाठी ठरवलेला गुणक आपण इतिहास वाचतानाही लावतो, तिथे माझी हरकत आहे. त्या हंगामात तिकीट काढून गेलेल्या प्रेक्षकानं अर्धा गोल पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी नेमेलो स्वीडनच्या हेल्सिंगबोर्गकडे गेला. क्लब आणखी तीन हंगाम खेळला.