खुणांनी झिजलेली संहिता

जनुकसंचाला ‘जीवनाचा ग्रंथ’ म्हणण्याची प्रथा मराठी विज्ञानलेखनात रुळली आहे. रूपक वाईट नाही, पण अपुरे आहे. ग्रंथ म्हटला की संहिता स्थिर आणि खुणा समासात, असे आपण गृहीत धरतो. सस्तन प्राण्यांत मात्र खुणेमुळे संहिताच बदलत आली आहे.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनपुढे गुआनिन आले, की त्या सायटोसिनवर बहुधा मिथिल गट बसतो. जनुके गप्प ठेवण्याच्या कामी ही खूण येते. पण तिची किंमत मोजावी लागते. साधे सायटोसिन बिघडले तर युरॅसिल होते. ते डीएनएत परके, म्हणून दुरुस्तीत पकडले जाते. मिथिल बसलेले सायटोसिन बिघडले तर थायमिन होते. ते घरचेच अक्षर, म्हणून चूक पुष्कळदा निसटते. नकलनविसाची जी चूक अर्थपूर्ण शब्द होते तीच पोथीत टिकते, हे पाठचिकित्सकांना ठाऊकच आहे.

खुणेचा आणि या झिजेचा संबंध एड्रियन बर्ड यांनी १९८० साली मांडला. माणसात ही जोडी अपेक्षेच्या सुमारे पाचव्या हिश्श्यानेच उरली आहे. बीजपेशींत जिथे खूण पडत नाही, अशा अनेक जनुकांच्या आरंभीच्या ‘बेटां’वर ती अजून दाट आहे. तानसाचा बिबट्या, भीमाशंकरचे शेकरू आणि आपण, सर्वांच्या संहितेत ही झीज आहे.

आता शहापूर-मुरबाडच्या कातकरी-ठाकर पाड्यांकडे येऊ. तिथल्या कुपोषणावर लिहिताना ‘पिढ्यांची भूक जनुकांत कोरली गेली’ असे म्हणण्याचा मोह होतो. इथे दोन वेगळे काळ एकत्र कालवले जातात. खूण एका आयुष्यात बदलू शकते. अक्षर बदलून साऱ्या जातीत रुजायला हजारो पिढ्या लागतात. शिवाय बीजपेशी घडताना आणि गर्भधारणेनंतर बहुतेक खुणा पुसून नव्याने मांडल्या जातात. भुकेची खूण माणसात पिढ्यान्‌पिढ्या उतरते, असे सिद्ध झालेले नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांत माता-बालकांचा अभ्यास केला. गरोदरपणी आईच्या आहारातील बी-१२ सारख्या घटकांचा मुलाच्या प्रकृतीशी संबंध त्यातून दिसला. आहार बदलता येतो. भूक जनुकांत कोरली म्हटले, की ती दैवासारखी होते आणि रेशन, अंगणवाडी, स्थलांतर हे प्रश्न मागे पडतात. म्हणून या रूपकाची चिकित्सा व्हायला हवी.