तराजूचे रूपक आणि नगररचनेची संहिता

नगररचनेच्या चर्चेत निसर्गाच्या मूल्याचा प्रश्न निघाला की ‘संतुलन’ हा शब्द हटकून येतो. तो इतका रुळलेला आहे की ते एक रूपक आहे याचेच विस्मरण होते. तराजूच्या दोन्ही पारड्यांत ठेवलेल्या वस्तूंना एकच माप लागू पडते, हे या रूपकाचे गृहीतक होय. ते तपासल्याखेरीज कोणते पारडे जड झाले याची चर्चा फारशी फलदायी ठरत नाही.

मराठी समीक्षेला हा पेच अगदीच अपरिचित नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्यविचारातील लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची मीमांसा केली. वृक्ष उपयोगी म्हणून मोलाचा की स्वतःच मोलाचा, हा वादही अशाच दोन ध्रुवांमध्ये फिरतो. अर्थात हे साम्य फार ताणू नये. समीक्षकांचे मतभेद मिटले नाहीत तरी कलाकृती शाबूत राहते. झाडाचे तसे नाही. जैवविविधता व परिसंस्था-सेवांविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यविषयक अहवालात साधनमूल्य आणि स्वयंमूल्य यांच्या जोडीला संबंधमूल्यही मांडले आहे. विशिष्ट माणसांचे विशिष्ट स्थळाशी असलेले नाते हेच त्याचे अधिष्ठान.

आपल्याकडील नियामक संहिता या तिसऱ्या मूल्याशी कशी वागते? महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण अधिनियमात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वा अधिक वर्षांचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. वयाला मूल्य मानले गेले, हे पुढचे पाऊल खरेच. परंतु संहितेने काळाचे रूपांतर तत्काळ संख्येत केले. शंभर वर्षांच्या वडाचे शंभर रोपांशी समीकरण मांडले की वडाखालची शंभर वर्षे त्यातून गळून पडतात.

किंमत वाढविल्याने हा दोष जात नाही. पश्चिम बंगालमधील रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली झाडाच्या वयास प्रतिवर्षी ७४,५०० रुपये असे मोल लावले. ३५६ झाडांची किंमत सुमारे २२० कोटी रुपये झाली. त्याच झाडांच्या तोडणीला २०२३ साली त्याच न्यायालयाने अनुमती दिली. मोल मोठे होते, पण ते पारड्यातले मोल होते. समोर त्याहून जड काही ठेवता येणे नेहमीच शक्य असते.

मुंबईतील आरेचा वाद या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. १९४९ साली वसलेल्या या दुग्धवसाहतीचा प्रश्न न्यायालयात एका शब्दावर येऊन ठेपला: हे ‘वन’ आहे काय? ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली तेव्हा २,१४१ झाडे पडली होती. दोन्ही पक्ष झाडेच मोजत होते. मेट्रोचा पक्ष कर्बवायूची बचत मांडत होता, आणि लोकलच्या दारात लोंबकळणाऱ्या प्रवाशाला विसरून त्या युक्तिवादाची वासलात लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. विरोधकांचे आवडते रूपक होते ‘मुंबईचे फुप्फुस’. ते प्रभावी ठरले. मात्र तेही साधनमूल्याचेच रूपक आहे. त्यात शहर हा देह आणि आरे त्याचा अवयव. फुप्फुसात कोणी राहत नाही! आरेत मात्र आदिवासींचे पाडे आहेत, वारली कुटुंबे आहेत, त्यांची शेती आणि रानभाज्या आहेत, वाघोबाची उपासना आहे. बिबट्याच्या वावरासह जगण्याची ही रीत प्राणवायूच्या हिशेबात बसत नाही आणि ‘अस्पर्श निसर्गा’च्या स्वयंमूल्यातही बसत नाही, कारण ती माणसांविना नसते. वृक्षप्रेमी संहितेनेही पाड्याला पार्श्वभूमीवर ठेवले, ही या वादाची सर्वांत कमी वाचली गेलेली बाजू होय.

म्हणूनच संबंधमूल्य हे तिसरे वजन म्हणून पारड्यात टाकणे निरर्थक आहे. त्याची जागा तोलण्याच्या आधीची आहे: काय तोलावयाचे आणि कोणत्या नावाने, हे ठरविण्याची. नगररचनेच्या व्यवहारात ही जागा अमूर्त नाही. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यापूर्वी विद्यमान भूवापराचा नकाशा करावा लागतो. हरकती व सूचना पुष्कळ नंतर, प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर येतात. तोवर वाघोबाचे ठाणे ‘मोकळी जागा’ म्हणून रंगविले गेले असेल तर हरकत घेणाऱ्याला आधी त्या रंगाचीच भाषा बोलावी लागते. पाड्यातील माणसाचा शब्द आराखड्यात यावयाचा असेल, तर तो त्या पहिल्या नकाशावर, त्याने सांगितलेल्या नावानिशी, लिहिला जावा लागेल.