वाटेगाव ते चिरागनगर : अण्णा भाऊ साठे यांच्यातील कलावंताची जडणघडण

प्रस्तावना

हलाखीतून पुढे आलेल्या लेखकाविषयी लिहिताना समीक्षा बहुधा एका सोप्या सूत्राचा आधार घेते : दुःख भोगले, म्हणून तो लिहिता झाला. अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांच्यासंबंधी हे सूत्र वारंवार वापरले गेले आहे. परंतु ज्या वाटेने वाटेगावचा तुकाराम मुंबईस आला, त्याच वाटेने असंख्य मुले आली आणि त्यांतील बहुतेकांचा आवाज साहित्यापर्यंत पोहोचला नाही. त्यामुळे केवळ दुःखातून कलावंत घडतो, हे विधान अपुरे ठरते. अण्णा भाऊंच्या कुमारवयात दुःखाबरोबर आणखी काय होते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कुमारवय आणि संस्कार

सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मांग समाजात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊंचा जन्म झाला. शाळा त्यांना जवळजवळ लाभलीच नाही. ते जेमतेम दीड दिवस शाळेत गेले, असे सांगितले जाते. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी साठे कुटुंब पायी चालत मुंबईस आले. येथे हमाली, फेरीवाल्याचे काम, गिरणीतील मजुरी अशी पडेल ती कामे त्यांनी केली. दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती पाहत त्यांनी अक्षरओळख वाढविली. शाळेने नाकारलेली अक्षरे त्यांना रस्त्याने दिली.

या रस्त्याला दोन गोष्टींची जोड मिळाली. पहिली, तमाशा. गावी परतल्यावर चुलत बंधू बापू साठे यांच्या फडात त्यांनी काम केले. समोरच्या प्रेक्षकाला खिळवून ठेवणारी भाषा, बतावणीतील हजरजबाबीपणा आणि वगातील नाट्य तेथे त्यांच्या अंगवळणी पडले. दुसरी, कामगार चळवळ. तिने त्यांना श्रोता दिला, विषय दिला आणि लिहिण्याचे प्रयोजनही दिले. स्टालिनग्राडच्या पोवाड्याने त्यांचे नाव झाले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमीला वंदन करून आणि गवळण वगळून त्यांनी जुन्या साच्याला नवा आशय दिला. म्हणजेच त्यांची वाट एकट्याची नव्हती. फड आणि संघटना या दोन सामूहिक संस्थांनी ती तयार केली होती.

साहित्यातील प्रत्यय

अण्णा भाऊंनी बालपणाच्या व्यथांचे सविस्तर आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे भोगणे कथेत उतरते, ते पात्रांच्या कृतीच्या रूपाने. ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीचा नायक इंग्रजी सत्तेविरुद्ध बंड करणारा आहे, दयेची याचना करणारा नव्हे. ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे, हेही अर्थपूर्ण होय.

‘स्मशानातील सोनं’ ही कथा या दृष्टीने अधिक बोलकी आहे. मुंबईच्या उपनगरातील जंगलालगतच्या झोपडवस्तीत राहणारा भीमा खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते, तेव्हा तो स्मशानातील राखेत सोने शोधू लागतो आणि अखेरीस त्याला आपली बोटे गमवावी लागतात. त्यानंतर खाण पुन्हा सुरू होते. पण डोंगर फोडणारी बोटे उरलेली नसतात. या शेवटात योगायोग असल्याचा आक्षेप घेता येईल. तथापि मालकाच्या मर्जीने खाणी बंद-सुरू होतात आणि त्याची किंमत मजुराचे शरीर चुकवते, हे वास्तव ध्यानात घेतल्यास तो योगायोग राहत नाही. येथे लेखक भीमाची कीव करीत नाही. त्याच्या बळाचा अपव्यय दाखवितो.

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णा भाऊंनी दीर्घकाळ वास्तव्य केले. ‘चिरागनगरची भुतं’ या नावात ती वस्तीच शीर्षक झाली आहे. उपनगरातील झोपडी ही त्यांच्यासाठी मागे टाकायची पायरी नव्हती. ती त्यांच्या लेखनाची जागा होती.

निष्कर्ष

१९५८ मध्ये मुंबईतील दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन आणि १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार व रशियाचा प्रवास, असे मानाचे प्रसंग त्यांच्या वाट्याला आले. तरीही १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती आणि दारिद्र्य संपलेले नव्हते. त्यामुळे दारिद्र्याला प्रतिभेची पाठशाळा म्हणून गौरविणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. दारिद्र्याने त्यांना विषय दिला असेल. कलावंत केले ते फडाने, चळवळीने आणि ऐकणाऱ्या कष्टकऱ्यांनी. जेथे असा फड आणि असा श्रोता नाही, तेथे किती तुकाराम अबोल राहिले असतील, हा प्रश्न त्यांचे चरित्र समीक्षेपुढे ठेवते.