चूक मान्य करणारा शिक्षक
पीटर हेसलर यांच्या चीनविषयक दोन पुस्तकांच्या निमित्ताने

परदेशात राहून आलेल्या शिक्षकाने त्या देशावर पुस्तक लिहिले म्हटले, की जाणत्या वाचकाच्या मनात थोडी धास्ती उभी राहते. प्रवासी चार दिवस हिंडतो, काही बरे, काही वाईट पाहतो आणि निघून जातो. त्याच्या अपुऱ्या माहितीला आपण क्षमा करतो. शिक्षकाचे तसे नाही. इतरांना शिकवण्याचा अधिकार पदरी बांधूनच तो त्या गावात शिरलेला असतो. वर्गात फळ्यासमोर उभे राहायची सवय झालेला माणूस लिहितानाही पुष्कळदा फळ्यासमोरच उभा राहतो, आणि मग सारे गाव त्याला वर्गासारखे दिसू लागते. अमेरिकन लेखक पीटर हेसलर यांचे ‘रिव्हर टाऊन’ हे 2001 साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या धोक्याच्या अगदी काठावरून चालते. ते कुठे सावरले आणि कुठे त्याचा पाय घसरला, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

हेसलर 1996 सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ‘पीस कोअर’ या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून चीनमध्ये गेले. छोंगछिंगहून यांगत्से नदीच्या प्रवाहाबरोबर बोटीने जाऊन ते फूलिंग या गावी उतरले. वू नावाची नदी इथे यांगत्सेला येऊन मिळते. दोन नद्यांच्या बेचक्यात, डोंगराच्या उतारावर वसलेले हे शहर. रस्त्यांइतक्याच पायऱ्या असलेले. त्या काळी तिथे रेल्वे पोहोचली नव्हती. गावातल्या अध्यापक महाविद्यालयात हेसलर आणि त्यांचे एक सहकारी इंग्रजी शिकवणार होते. कित्येक दशकांत त्या गावाने अमेरिकन माणूस पाहिलेला नव्हता. रस्त्याने जाताना पाठीमागून ‘हॅलो’च्या आरोळ्या येत, ते जेवायला बसले तर भोवती घोळका जमे. 1998 च्या उन्हाळ्यापर्यंतची ही दोन वर्षे म्हणजे हे पुस्तक.

चीनमधला परदेशी शिक्षक ही व्यक्तिरेखा आपल्या ख्रिस्तसभेला नवी नाही. येशूसंघीय मत्तेओ रिची हे 1578 साली गोव्यात उतरले. चीनकडे जाण्यापूर्वीचा त्यांचा काळ गोवा आणि कोची येथे अध्ययन-अध्यापनात गेला. त्याच सुमारास, 1579 मध्ये, थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. पुढे एकाने चिनी भाषा आत्मसात केली, तर दुसऱ्याने आपली मराठी. आणि 1616 साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ आपल्या हाती आले. रिची यांच्या चरित्रातली एक गोष्ट इथे मुद्दाम ध्यानात घ्यावी. चीनमध्ये शिरताना त्यांनी बौद्ध भिक्षूचा वेष घेतला होता. त्या समाजात भिक्षूला आपण समजत होतो तसा मान नाही, विद्वानाला आहे, हे उमगल्यावर 1595 मध्ये त्यांनी तो वेष उतरवून विद्वानाचा झगा अंगावर घेतला. म्हणजे ज्या शिक्षकाचे नाव चीन चार शतके विसरला नाही, त्याच्याही कार्याला आपली चूक ओळखल्यानंतरच वळण लागले. परदेशी शिक्षकाला मोजायचे तर याच मापाने मोजावे, असे मला वाटते.

या मापाला ‘रिव्हर टाऊन’मधील सर्वांत सुंदर भाग पुरेपूर उतरतो. तो भाग हेसलर शिकवतात त्या वर्गातला नसून ते स्वतः शिकतात त्या वर्गातला आहे. लियाव आडनावाच्या एका शिक्षिकेकडे ते चिनी भाषा शिकू लागतात. स्वर जरा चढला किंवा उतरला, की समोरून एकच शब्द येतो : ‘बू-द्वेइ’, म्हणजे चूक. त्यात ना समजावणी, ना दिलासा. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकलेला हा तरुण रोज एका लहानशा शब्दापुढे हरतो, मनातून चिडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसतो. पुढे याच शिकवणीत अफूच्या युद्धांवरून आणि राजकारणावरून शब्दाला शब्द लागतो, तेव्हा भांडण्याइतकी भाषा आपल्याला आली याचाच लेखकाला आनंद होतो. ‘हो वेइ’ हे आपले चिनी नाव धारण करणारा माणूस म्हणजे जणू कोणी दुसराच. पीटर हेसलरपेक्षा भोळा, अडाणी, पण लोकांशी चटकन जमवून घेणारा, असे ते सांगतात. परभाषेत गेल्यावर आपली विद्वत्ता सीमेवरच ठेवून जावी लागते, ही गोष्ट इतक्या हसतखेळत फार थोड्या लेखकांनी सांगितली असेल. दुबई-मस्कतच्या किंवा टोरोंटोच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत, त्या आपल्या वाचकांना ही पाने वेगळी समजावून सांगावी लागणार नाहीत.

आता त्यांच्या स्वतःच्या वर्गाकडे येऊ. विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांची मुले. शिकून गावोगावच्या शाळांत इंग्रजीचे शिक्षक व्हायचे, हे त्यांचे भवितव्य जवळजवळ ठरलेले. या मुलांना शेक्सपिअर शिकवावयाचा होता. हेसलर सांगतात, की कवितेचा ठेका ही मुले बाकावर बोटांनी ताल धरून पकडत आणि सुनीतातल्या सौंदर्याचे वर्णन आपल्या जुन्या काव्यातल्या उपमांनी करीत. पाश्चात्त्य विद्यापीठांतील साहित्यचर्चा सिद्धान्तांच्या जंजाळात अडकली आहे, असे वाटू लागलेल्या या लेखकाला इथे कविता पुन्हा कविता म्हणून भेटली. रॉबिन हूड आजच्या चीनमध्ये आला तर तो आदर्श ठरेल की गुन्हेगार, या प्रश्नावर वर्गाची दोन मते पडतात, आणि वरकरणी राजकारणाचे नावही न घेता चाललेला तो वाद मुळात राजकारणाचाच असतो. हे सारे लेखकाने संयमाने टिपले आहे. 1997 च्या फेब्रुवारीत डंग श्यावफिंग यांचे निधन झाले, 1 जुलै 1997 रोजी हाँगकाँग चीनकडे परत आले. या मोठ्या घटनाही पुस्तकात येतात त्या फूलिंगच्या रस्त्यावरून दिसल्या तेवढ्याच.

धरणाच्या प्रश्नातही हाच संयम दिसतो. खाली यांगत्सेवर ‘तीन घळींचे’ प्रचंड धरण उभे राहत होते आणि फूलिंगचा सखल भाग पाण्याखाली जाणार होता. गावाजवळच्या नदीपात्रात ‘श्वेत सारस’ नावाचा खडक आहे. त्यावर तांग राजवटीपासून, म्हणजे बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीपासून, मासे आणि अक्षरे कोरलेली आहेत. हिवाळ्यात पाणी उतरले की ती दिसत आणि नदी कोणत्या वर्षी किती आटली, हे सांगत. तो खडक आता कायमचा पाण्याखाली आहे. 2009 मध्ये तिथे पाण्याखालचे संग्रहालय उघडण्यात आले. आपण अपेक्षा करतो, की गावकरी आक्रोश करतील. ते करीत नाहीत. लेखकालाही हे खटकते, परंतु तो त्यांच्या वतीने आक्रोश करीत नाही. त्या गप्पपणामागे इतिहासाचा केवढा भार असेल, याचा विचार तो वाचकावर सोपवतो. इथे लेखक फळ्यापासून दूर उभा आहे.

आपल्या वाचकांना सर्वांत जवळचे वाटेल ते फूलिंगच्या कॅथलिक चर्चचे प्रकरण. कॅथलिक घरात वाढलेले हेसलर तिथे रविवारच्या मिस्साला जाऊ लागतात. ऐंशी उलटलेले फादर ली वेदीपाशी उभे असतात. समोर बहुतेक वयस्क भाविक. या दृश्यामागचा इतिहास ठाऊक असेल तर ते अधिकच हलवून जाते. 1949 नंतर परदेशी मिशनरी चीनमधून गेले, काहींना घालवून देण्यात आले. 1957 मध्ये सरकारच्या छत्राखाली ‘देशभक्त कॅथलिक संघ’ उभा राहिला आणि ख्रिस्तसभा दुभंगली. 1966 ते 1976 या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात चर्चना टाळी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्याकडे वेदीवर मराठी आली. चीनमध्ये मात्र लॅटिन मिस्सा त्यानंतरही बरीच वर्षे टिकून राहिली, कारण परिषदेचे वारे पोहोचायला दारेच उघडी नव्हती. अशा काळातून तगून राहिलेला धर्मगुरू लेखकाला भेटतो, आणि त्याचे व्यक्तिचित्र लेखक आदराने रेखाटतो.

तरीही माझी पहिली तक्रार इथेच आहे. फूलिंगच्या रस्त्यावर, उपाहारगृहात, महाविद्यालयात हेसलर सदैव परके आहेत. ज्या एका ठिकाणी ते परके नसायला हवेत, ते ठिकाण म्हणजे ही मिस्सा. तिथे गुडघे टेकणाऱ्या म्हातारीचा आणि त्यांचा विश्वासांगीकार एकच आहे. परंतु तिथेही ते निरीक्षकाच्याच बाकावर बसून राहतात. फादर लींचा भूतकाळ ते आपल्याला सांगतात. त्यांच्या हातून ख्रिस्तशरीर घेताना स्वतःच्या मनात काय हलले, हे सांगत नाहीत. लेखकाने आपली श्रद्धा मिरवावी, असे मी म्हणत नाही. मात्र भाषेच्या बाबतीत जो माणूस आपली फजिती इतक्या मोकळेपणाने उघडी करतो, तो श्रद्धेच्या बाबतीत दार लोटून घेतो आणि पुस्तक तेवढ्यापुरते उणे राहते.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ‘रिव्हर टाऊन’चा बराच जिवंतपणा विद्यार्थ्यांच्या निबंधांतून आला आहे. कुणी आपल्या आईविषयी लिहिले आहे, कुणी गावाविषयी, कुणी भविष्याविषयी. ते लेखन मोहक आहे आणि लेखकाने त्याची थट्टा केलेली नाही. पण विद्यार्थ्याची वही शिक्षकाच्या हाती येते ती विश्वासाने. पापनिवेदनाइतकी ती पवित्र नसेल, तरी बाजारात मांडण्याची वस्तूही नव्हे. गुणांसाठी लिहिलेला मजकूर दूरदेशीच्या वाचकांपुढे जातो, तेव्हा लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या हाती सारखे बळ उरत नाही. इतर बाबतींत एवढा सजग असलेला लेखक या प्रश्नापाशी मला हवा तितका थांबलेला दिसत नाही.

नवल असे, की काळाने हाच प्रश्न त्यांच्यापुढे उलटा करून ठेवला. 2019 मध्ये हेसलर पुन्हा शिकवायला चीनमध्ये गेले; या वेळी छंगदू येथील सिच्वान विद्यापीठात. त्या दिवसांचे ‘अदर रिव्हर्स’ हे पुस्तक 2024 साली आले. विद्यार्थी आता बहुधा एकुलते एक, शहरी, उंच आणि चुणचुणीत. लेखकाच्या जुळ्या मुली चिनी येत नसताना तिथल्याच सरकारी शाळेत बसू लागतात. जणू ‘बू-द्वेइ’चा धडा घरात दुसऱ्या पिढीकडे जातो. मग त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका निबंधावर त्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांचा विपर्यास करून समाजमाध्यमावर त्यांच्याविरुद्ध आरोप होतात. चौकशीचे सावट येते. पुढे त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली जात नाही आणि 2021 मध्ये कुटुंबाला चीन सोडावा लागतो. पूर्वी विद्यार्थ्यांची पाने वर्गाबाहेर गेली होती. आता शिक्षकाची लाल शाई वर्गाबाहेर गेली. दोन्ही गोष्टी एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होईल. एकीमागे प्रेम होते, दुसरीमागे भय आणि द्वेष. पण वर्गाच्या चार भिंतींत विश्वासाने लिहिलेले शब्द बाहेर गेले की त्यांवर लिहिणाऱ्याची सत्ता राहत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

या दुसऱ्या पुस्तकात पहिल्याची भरपाईही आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. फूलिंगच्या विद्यार्थ्यांशी हेसलर यांचा पत्रव्यवहार वीस-पंचवीस वर्षे अखंड राहिला. ते विद्यार्थी आता स्वतः प्रौढ शिक्षक आहेत, घरादाराचे धनी आहेत, आणि जुन्या गुरूच्या प्रश्नांना बरोबरीच्या नात्याने, कधी कान उपटतही उत्तरे देतात. निबंधाची जागा पत्राने घेतली. निबंधाला गुण असतात, पत्राला फक्त उत्तर असते. तागडी इथे पुष्कळशी समेवर येते.

आपल्या धर्मग्रामांतून आजही शिक्षक, धर्मभगिनी आणि धर्मगुरू दूरच्या भाषेत शिकवायला जातात. त्यांपैकी कुणाच्या सामानात एखादे पुस्तक ठेवायचे झाल्यास मी ‘रिव्हर टाऊन’ ठेवीन. वर सांगितलेल्या दोन तक्रारींसह ठेवीन. आणि ते पहिल्या पानापासून न उघडता आधी लियावबाईंच्या शिकवणीचे पान काढून वाचा, असे सांगेन. तिथे ‘चूक’ हा शब्द ऐकून घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी परत त्याच खुर्चीवर जाऊन बसतो.