सप्तमीकडून तृतीयेकडे : परिचारिकांच्या मूत्रचाचणीची भाषा

नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांची लघवी तपासून त्यांनी मादक द्रव्य घेतले आहे काय हे पाहण्याची पद्धत प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाली. तेथे १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने ती केंद्र सरकारच्या नोकरवर्गास लागू झाली, १९८८ मध्ये तिच्या सविस्तर मार्गदर्शक सूचना निघाल्या, आणि पुढे खासगी उद्योगांप्रमाणेच रुग्णालयांनीही तिचा अंगीकार केला. भारतात परिचारिकांवर अशा चाचणीची सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा नाही. तथापि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२२ पासून वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी अशी चाचणी सुरू केली आहे, आणि ज्यांच्या हाती इतरांचे प्राण असतात त्या सर्वांना हाच न्याय का नको, हा प्रश्न त्यामागोमाग येणे स्वाभाविक आहे. नाशिकात तो विशेष जवळचा वाटतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून याच शहरात आहे. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी मेफेड्रोन तयार करणारा कारखाना उघडकीस आणला, तोही नाशिकरोडलगतच्या शिंदे गावात.

या प्रश्नाची वैद्यकीय व विधिविषयक बाजू त्या त्या शास्त्रांच्या अधिकारी व्यक्तींनी पाहावी. प्रस्तुत लेखात आपण पाहणार आहोत ती त्याची भाषिक बाजू. चाचणीचा निष्कर्ष अखेर वाक्यांच्या रूपानेच प्रयोगशाळेतून कार्यालयात जातो, आणि वाटेत त्या वाक्याचे रूप बदलते. हा बदल केवळ शैलीचा नसून परिचारिकेची उपजीविका व नाव त्यावर अवलंबून असते, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

पुढील तीन वाक्ये क्रमाने पाहावीत. (१) नमुन्यात मॉर्फिन आढळले. (२) ती पॉझिटिव्ह आली. (३) तिने मॉर्फिन घेतले. पहिले वाक्य प्रयोगशाळेचे, दुसरे वॉर्डातील बोलण्याचे आणि तिसरे प्रशासकीय आदेशाचे. व्यवहारात ही तिन्ही समानार्थी म्हणून वापरली जातात. व्याकरण मात्र वेगळे सांगते. पहिल्यात ‘नमुन्यात’ हे पद सप्तम्यंत आहे, म्हणजे ते केवळ अधिकरण दाखविते. व्यक्तीचा उल्लेखच नाही. दुसऱ्यात व्यक्ती प्रथमेत येऊन वाक्याचा कर्ता बनते. तिसऱ्यात ती तृतीयेत येते आणि एका कृतीची जबाबदारी तिच्यावर पडते. ‘आढळले’ आणि ‘घेतले’ ही दोन्ही क्रियापदे ‘मॉर्फिन’ या नपुंसकलिंगी पदाशी जुळतात, त्यामुळे वाक्याचा उत्तरार्ध जवळजवळ तसाच राहतो आणि आरंभीचे एक पद तेवढे बदलते. कदाचित यामुळेच हे स्थित्यंतर ऐकणाऱ्याच्या कानास खटकत नाही. सप्तमीकडून तृतीयेकडे जाताना नवा पुरावा एकही जमा झालेला नसतो. जमा झालेला असतो तो केवळ एक कर्ता.

प्रथम सप्तमीचे वाक्य किती सांगते ते पाहू. ‘आढळले’ याचा येथील अर्थ ‘ठरविलेल्या मर्यादेहून अधिक आढळले’ असा असतो. अफूजन्य द्रव्यांसाठी अमेरिकेत ही मर्यादा आरंभी दर मिलिलिटरास ३०० नॅनोग्रॅम होती. १९९८ मध्ये ती २००० करण्यात आली. ज्या लघवीत १००० नॅनोग्रॅम मॉर्फिन होते ती या बदलाच्या आदल्या दिवशी सदोष आणि दुसऱ्या दिवशी निर्दोष ठरली असती. मर्यादा वाढविण्याचे एक प्रमुख कारण खसखस हे होते. खसखशीच्या दाण्यांस मॉर्फिन व कोडीन यांचा अंश लागलेला असतो, आणि ती पुरेशी खाल्ल्यास लघवीत जुन्या मर्यादेपलीकडे मॉर्फिन दिसू शकते. दिवाळीत खसखशीवर थापलेले अनारसे ज्या समाजात घरोघरी होतात, त्याने तरी ही गोष्ट विसरू नये. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाचेही तसेच आहे. शरीरात कोडीनच्या काही भागाचे मॉर्फिन होते. गॅस क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतींनी पुन्हा पडताळणी केली, तर सापडलेला रेणू मॉर्फिनचाच आहे हे निश्चित होते. तो इंजेक्शनातून आला, औषधाच्या बाटलीतून आला की फराळाच्या ताटातून, याचे उत्तर मात्र त्या पडताळणीने मिळतेच असे नाही.

‘आढळले नाही’ हे वाक्यही तितकेच मर्यादित आहे. अफूजन्य द्रव्यांची नेहमीची प्राथमिक चाचणी मॉर्फिनच्या रचनेशी जुळणारे रेणू ओळखते. शस्त्रक्रियागृहात वापरले जाणारे फेंटानिल रचनेने भिन्न असल्यामुळे तिला ते दिसत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी लागते. केटामीन व प्रोपोफोल यांचेही तेच. आपल्याकडील पेंटाझोसिनसुद्धा या चाचणीतून निसटते. शिंदे गावी ज्याचा कारखाना सापडला ते मेफेड्रोनही नेहमीच्या ठरावीक द्रव्यांच्या चाचणीत भरवशाने सापडत नाही. म्हणजे परिचारिकेच्या हाताशी असलेल्या कपाटातील कित्येक औषधांविषयी ही चाचणी मूक राहते, आणि तिच्या स्वयंपाकघरातील एका पदार्थाविषयी मात्र बोलू शकते.

आता प्रथमेचे वाक्य. ‘ती पहिली आली’ या परीक्षेच्या निकालाच्या वाक्प्रयोगावर ‘ती पॉझिटिव्ह आली’ हा प्रयोग बेतलेला दिसतो. २०२० नंतरच्या साथीत तो घरोघरी पोहोचला. ‘घरातले तिघे पॉझिटिव्ह आले’ असे आपण सर्वांनी ऐकले आहे. नमुन्याचे विशेषण माणसास लागले की ते त्याची अवस्था न राहता ओळख होऊ लागते. अशा ओळखीचा परिणाम काय होतो, हे मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९७ मध्ये आलेल्या एका खटल्यात दिसते. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात हंगामी मजुरी करणारा एक इसम एचआयव्हीच्या चाचणीत बाधित आढळला. एरवी तो कामास सक्षम होता, तरीही त्याचे नाव कामगारांच्या यादीतून काढण्यात आले. जो मनुष्य काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांस लक्षणीय धोका नाही, त्यास केवळ बाधित म्हणून कामावरून दूर करणे हे घटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांचा भंग होय, असा निर्णय न्यायालयाने देऊन त्याचे नाव यादीत पुन्हा घालण्यास आणि ४०,००० रुपये भरपाई देण्यास सांगितले. हा खटला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या नावाने ओळखला जातो. फिर्यादीचे नाव उघड होऊ नये म्हणून अक्षरे वापरावी लागली, ही गोष्टच त्या विशेषणाचे सामर्थ्य सांगून जाते. एचआयव्हीची बाधा आणि मादक द्रव्याचे सेवन या गोष्टी एकरूप नाहीत हे उघड आहे. परंतु चाचणीचा निष्कर्ष आणि कामाची पात्रता यांमध्ये न्यायालयाने जे अंतर राखले, ते येथेही राखले पाहिजे.

शिवाय एकाच नमुन्यातून विचारलेल्या प्रश्नाहून कितीतरी अधिक उत्तरे निघू शकतात. लघवीतून मधुमेहाची सूचना मिळते, गर्भारपण कळते. आयुर्विमा महामंडळाच्या अर्जात स्त्री उमेदवारांस मासिक पाळी व गर्भारपण यांविषयी विचारलेले रकाने वगळावेत, अशी सूचना सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये केली होती. जो प्रश्न कागदावर विचारणे गैर, तो बाटलीस विचारणे योग्य कसे ठरेल? परिचर्येच्या व्यवसायात बहुसंख्या स्त्रियांची असल्यामुळे हा मुद्दा गौण मानता येत नाही. याच संदर्भात ‘मी स्वखुशीने संमती देत आहे’ या छापील वाक्याचाही विचार केला पाहिजे. ज्या व्यवस्थेत नकार हाच दोषाचा पुरावा मानला जातो, तेथे ‘स्वखुशीने’ हे क्रियाविशेषण अर्थशून्य होते.

यावर असा आक्षेप येईल की, ही चर्चा रुग्णास विसरून चालली आहे. आक्षेप वजनदार आहे. न्यू हॅम्पशायरमधील एक्सेटर रुग्णालयात २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या प्रकरणात एका तंत्रज्ञाने फेंटानिलच्या सिरिंजा चोरून स्वतः वापरल्या आणि त्या दूषित सिरिंजा परत ठेवल्या. त्यातून अनेक रुग्णांस हेपॅटायटिस सी झाला, आणि २०१३ मध्ये त्यास ३९ वर्षांची शिक्षा झाली. वेदनाशामकाच्या जागी मिठाचे पाणी मिळालेल्या रुग्णाच्या यातना कोणत्याही व्याकरणाने कमी होत नाहीत. तेव्हा देखरेख नको, असे म्हणता येणार नाही. ती कोणत्या वाक्यावर उभारावी, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर वॉर्डातच उपलब्ध आहे. मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांचा साठा कुलपात ठेवून त्यांची आवक व वापर नोंदवून ठेवावा लागतो. अमुक वाजता, अमुक रुग्णास, अमुक परिचारिकेने इतके औषध दिले, उरलेले साक्षीदारासमक्ष टाकून दिले, आणि खाली सही : नीट ठेवलेली नोंद ही अशी असते. येथेही तृतीयाच आहे. पण ही तृतीया कर्त्याने स्वतः, कृतीच्या वेळी आणि साक्षीने लिहिलेली आहे. तिच्यात अनुमानास जागा नाही. नोंद आणि साठा यांचा मेळ बसत नसेल तर संशयास आधार मिळतो. मग व्यक्तीस विचारावे, औषधांची व आहाराची माहिती घ्यावी, आणि आवश्यक तर नेमक्या त्या औषधासाठी पडताळणीसह चाचणी करावी. या क्रमाने आलेली चाचणी ही अनेक पुराव्यांपैकी एक ठरते. सरसकट चाचणी मात्र पुराव्याच्या आधीच कर्ता निश्चित करू पाहते.

दोन शब्दांचा विचार येथे उपयुक्त होईल. ‘अंमली’ या शब्दाच्या मुळाशी असलेला अरबी ‘अमल’ मराठीत दोन दिशांनी वाढला : अंमल चढतो तो द्रव्याचा, आणि अंमल चालतो तो सत्तेचा. ‘अंमली पदार्थ’ आणि ‘अंमलबजावणी’ हे एकाच घरचे शब्द आहेत. ‘व्यसन’ या शब्दाचा इतिहास याहून बोलका आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी असून त्यात राज्यावरील आपत्तींचा विचार प्रामुख्याने येतो. आज आपण व्यसन म्हणतो तेव्हा दोषाचा अर्थ पुढे येतो आणि आपत्तीचा मागे पडतो. विधिकर्त्यांस मात्र तो दुसरा अर्थ अगदीच अपरिचित नाही. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या ६४-अ या कलमाने, सेवनाचा अथवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेऊ लागल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पुण्यास १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’च्या कार्यामागेही ही दृष्टी दिसते. वैमानिकांच्या नियमातही पहिल्यांदा दोषी आढळणाऱ्यास व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी पाठविण्याची तरतूद आहे. परिचारिकेस वैमानिकाची चाचणी लावावयाची आणि वैमानिकाची ही सवलत विसरावयाची, असे झाल्यास ते अर्धेच अनुकरण होईल.

चरकाने परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शौच. यांतील चौथा गुण तेवढा प्रयोगशाळेत मोजता येईल, अशी समजूत या चाचणीच्या मुळाशी दिसते. परंतु बाटलीतील द्रव शुद्ध की अशुद्ध हे ठरविणे निराळे, आणि ज्या व्यक्तीने तो दिला तिच्या शौचाविषयी बोलणे निराळे. महाराष्ट्रात उद्या अशी चाचणी आणावयाची झालीच, तर तिच्या मराठी नमुनापत्रात पहिले वाक्य पहिल्याच रूपात शेवटपर्यंत राहील एवढी दक्षता घ्यावी : कोणते द्रव्य, किती मर्यादेवर, कोणत्या पद्धतीने आढळले, आणि पडताळणी झाली की नाही. तृतीयेचे वाक्य लिहिण्याचा अधिकार, परिचारिकेचे म्हणणे लेखी घेऊन चौकशी पुरी करणाऱ्यासच असावा. अशा नमुनापत्रांची भाषा तपासणे हे भाषाभ्यासकांचे काम आहे. आणि ते नमुनापत्र छापून सहीसाठी पुढे येण्यापूर्वी झाले, तरच त्याचा उपयोग.